तारेचं मळसूत्र आणि बरणीभर ग्लिसरीन : सर्पिल जिवाणूंचा रेटा वजनकाट्यावर कसा मोजायचा

लेप्टोस्पायरा हा जिवाणू जेमतेम ०.१ ते ०.१५ मायक्रोमीटर जाड आणि ६ ते २० मायक्रोमीटर लांब असतो. अंग स्प्रिंगसारखं वळलेलं. तो सेकंदाला १० ते १५ मायक्रोमीटर पुढे सरकतो. त्याला वल्हं नाही, पंख नाहीत, बाहेर लोंबणारी शेपटीही नाही. मग तो सरकतो कसा? बहुतेक ठिकाणी एका ओळीत उत्तर मिळतं, ‘स्क्रूसारखा’. हे उत्तर अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्धेपणातच सगळं भौतिकशास्त्र दडलेलं आहे. लाकडात शिरणारा स्क्रू एका फेऱ्याला एक पूर्ण पिच (लगतच्या दोन वेढ्यांमधलं अंतर) आत जातो. पाण्यातलं मळसूत्र एका फेऱ्याला पिचच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढंच पुढे जातं, बाकीचं घसरण्यात जातं. किती घसरतं आणि का, हे पुढच्या प्रयोगात ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजता येतं. बीएस्सीच्या प्रकल्पाला तो पुरेसा आहे. अकरावी-बारावीच्या मुलांनाही जमेल, फक्त घाई करायची नाही.

आधी तत्त्व, कारण त्याशिवाय आकडे वाचता येणार नाहीत

जिवाणूच्या आकाराला पाण्याचं जडत्व जवळजवळ नसल्यात जमा असतं. जडत्व आणि श्यानता (द्रवाचा दाटपणा) यांचं गुणोत्तर म्हणजे रेनॉल्ड्स अंक. लेप्टोस्पायरासाठी तो दहा हजारात एक या पातळीचा येतो. एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ साली छापलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात दाखवलं, की जिवाणूने पोहणं थांबवलं तर तो एका अणूच्या व्यासाइतकाही पुढे घरंगळत नाही. म्हणून जोराने मारा आणि हळूच मागे घ्या ही आपली पोहण्याची युक्ती तिथे निकामी ठरते. जी हालचाल उलट क्रमानेही तशीच दिसते, ती हळू केली काय नि जलद केली काय, निव्वळ सरकणं शून्य. एकाच दिशेने फिरणारं मळसूत्र या अटीतून सुटतं, कारण त्याची फिल्म उलटी चालवली तर ते उलट फिरताना दिसतं.

पण फिरण्याचं रूपांतर सरकण्यात कशाने होतं? एक बारीक सरळ तार दाट द्रवात लांबीच्या दिशेने ओढा, मग तीच तार आडवी ओढा. आडवी ओढायला जास्त बल लागतं, पण दुपटीपेक्षा थोडं कमीच. या गुणोत्तराला पुढे ‘आडवं-उभं गुणोत्तर’ म्हणू. अतिशय बारीक आणि लांब तारेसाठी ते २ कडे झुकतं, प्रत्यक्षात १.५ ते १.८ च्या आसपास राहतं. मळसूत्र फिरतं तेव्हा तारेचा प्रत्येक तुकडा तिरका असतो. तिरक्या तुकड्यावर येणारा विरोध त्याच्या हालचालीच्या बरोब्बर उलट दिशेने येत नाही, थोडा कलतो. तो कललेला भाग अक्षाच्या दिशेने साठत जातो, आणि तोच रेटा. गुणोत्तर नेमकं १ असतं तर कितीही फिरवा, रेटा शून्य आला असता.

१९५५ साली ग्रे आणि हॅनकॉक यांनी समुद्री अर्चिनच्या शुक्रपेशीसाठी हा हिशेब मांडला. लाइटहिल यांनी १९७६ साली त्याचे गुणांक सुधारले. आपण लाइटहिलचेच वापरू.

सामान

*ग्लिसरीन, ४०० मिलिलिटर.* केमिकलच्या दुकानातून आयपी (औषधी) दर्जाचं, सीलबंद घ्या. सौंदर्यप्रसाधनाच्या काउंटरवरच्या छोट्या बाटल्यांत पाणी मिसळलेलं असू शकतं, आणि इथे पाणी हा शत्रू आहे. २० अंश सेल्सिअसला शुद्ध ग्लिसरीनची श्यानता १.४१ पास्कल-सेकंद असते. त्यात ५ टक्के पाणी गेलं की ती ०.५२ वर येते, १० टक्के गेलं की ०.२२ वर. ग्लिसरीन हवेतली वाफही ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात उघडी बरणी रात्रभर ठेवली तर सकाळी द्रव वेगळाच झालेला असतो.

*तार.* १८ गेजची तांब्याची तार, व्यास १.२२ मिलिमीटर. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे इनॅमल केलेली मिळते. लोखंडी बाइंडिंग वायर नको, ती वळवल्यावर जास्त उसळते आणि वेढे असमान होतात.

*मोटर.* एन-२० प्रकारची ६ व्होल्टची गिअर मोटर, मिनिटाला ६० फेरे, शाफ्ट ३ मिलिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत रोबोटिक्सचं सामान विकणाऱ्यांकडे सहज मिळते. सोबत व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा पुरवठा हवा. पेन्सिल सेलवर काम चालतं, पण सेल उतरले की वेगही उतरतो.

*वजनकाटा.* अचूकता ०.०१ ग्रॅम, क्षमता किमान ६०० ग्रॅम. ही जोडी महत्त्वाची आहे. सराफी वापराचे छोटे काटे २०० ग्रॅमला संपतात आणि स्वयंपाकघरातल्या काट्याला ०.१ ग्रॅमखालचं कळत नाही.

*बरणी.* आतला व्यास ६.५ सेंटिमीटर, उंची १३ ते १४, हलक्या पारदर्शक प्लास्टिकची, सरळ भिंतींची. ११ सेंटिमीटर भरली की ३६५ मिलिलिटर होतात, म्हणजे ४६० ग्रॅम. काचेची बरणी घेतली तर काट्याची क्षमता ओलांडेल.

याशिवाय १० मिलिमीटर व्यासाची लोखंडी सळई, सायकल बेअरिंगच्या १/८ इंची गोळ्या, स्टँड आणि क्लॅम्प, पितळी स्क्रूची कनेक्टर पट्टी, हीट-श्रिंक (तापवली की आक्रसणारी) नळी, थर्मामीटर आणि व्हिडिओसाठी मोबाइल.

मळसूत्र वळणं

अक्षाशी ४५ अंशांचा कोन करायचा आहे. त्यासाठी एका फेऱ्याचा परीघ आणि पिच सारखे हवेत. तार १० मिलिमीटरच्या सळईवर वळवली की तारेच्या मध्यरेषेची त्रिज्या ५.६ होते, सोडल्यावर तार किंचित उसळून ती साधारण ६ होते. परीघ ३७.७, म्हणून पिच ३८ मिलिमीटर धरू.

हाताने अंदाजाने वळवलेलं मळसूत्र कधीच समान येत नाही. त्यासाठी जुनी युक्ती वापरा. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा, एक बाजू सळईच्या दोन परिघांएवढी (६३ मिलिमीटर), दुसरी दोन पिचांएवढी (७६ मिलिमीटर). दुसरी बाजू सळईला समांतर ठेवून त्रिकोण गुंडाळा आणि चिकटवा. कर्णाची कडा सळईवर अचूक मळसूत्राची रेघ होते. तारेचं एक टोक पकडीत धरा, सळई फिरवत तार त्या कडेला लागून दाबत न्या. नेहमीच्या स्क्रूसारखं, उजव्या हाताचं मळसूत्र करा, म्हणजे पुढे दिशेचा गोंधळ होत नाही. आधी जवळजवळ वेढे घालून नंतर स्प्रिंग ताणायचा मोह टाळा, ताणताना त्रिज्या घटते आणि मधले वेढे टोकाच्या वेढ्यांपेक्षा जास्त उघडतात.

बरोबर दोन वेढे ठेवा. अडीच ठेवले तर अर्ध्या वेढ्याचं बाजूचं बल उरतं आणि मळसूत्र डुलतं. वरच्या टोकाला तार अक्षापर्यंत आत वाकवून सरळ वर ६ सेंटिमीटर काढा. हा दांडा अक्षावर आहे का, हे टेबलावर लोळवून पाहा. दांडा एक मिलिमीटर जरी बाजूला असेल, तरी पुढे आकड्यांत ते दिसेल.

शेवटी कॅलिपरने मोजून लिहून ठेवा : बाहेरचा व्यास (त्यातून तारेचा व्यास वजा करून मध्यरेषेचा), पिच, आणि मळसूत्रात गेलेली तारेची लांबी. आपल्या मापांत एका वेढ्यात ५३.५ मिलिमीटर, दोन वेढ्यांत १०७ मिलिमीटर तार जाते.

द्रव भरणं आणि श्यानता मोजणं

ग्लिसरीन बरणीच्या भिंतीवरून, तिरकं धरून हळू ओता. एक मिलिमीटरचा बुडबुडा दोनेक मिनिटांत वर येतो, पण ०.२ मिलिमीटरचा तासभर घेतो. घट्ट झाकण लावून बरणी रात्रभर ठेवणं हाच सोपा उपाय.

पुस्तकातली श्यानता वापरू नका. ग्लिसरीनची श्यानता दर अंशाला सुमारे ८ टक्क्यांनी बदलते : २० अंशांना १.४१, तर ३० अंशांना ०.६१. सकाळी मोजलेली श्यानता दुपारच्या रेट्याला लावली तर प्रयोगच फुकट. गोळी टाकून स्वतः मोजा, रेटा मोजायच्या आधी आणि नंतर.

१/८ इंची गोळीचा व्यास ३.१७५ मिलिमीटर. ती द्रवात बुडवून, चिमट्याने मध्यावर सोडा. बरणीवर ३ आणि ९ सेंटिमीटर खोलीवर खुणा करा, या दोन खुणांमधला वेळ व्हिडिओच्या चौकटी मोजून काढा. श्यानता ०.८ असेल तर गोळी सेकंदाला साधारण ४ सेंटिमीटर पडते, म्हणजे दीड सेकंदाचा खेळ. स्टॉपवॉचवर भरवसा ठेवू नका, सेकंदाला ६० चौकटींचा व्हिडिओ हवा.

स्टोक्सचं सूत्र : श्यानता = (२ ÷ ९) × घनतांतला फरक × ९.८१ × त्रिज्येचा वर्ग ÷ वेग. पोलादाची घनता ७८०० किलो प्रति घनमीटर, ग्लिसरीनची १२६०, म्हणून फरक ६५४०. त्रिज्या आणि वेग मीटरमध्ये घ्या. यात बरणीची भिंत विसरली जाते. ६.५ सेंटिमीटरच्या बरणीत ही गोळी मोकळ्या द्रवापेक्षा १० टक्के हळू पडते, म्हणून आलेल्या श्यानतेला ०.९ ने गुणा. जडत्वाचा आणखी तीन-चार टक्क्यांचा परिणाम असतो, तो इथे सोडून दिला तरी चालेल. गोळी भिंतीकडे सरकत पडली तर ते मोजमाप टाकून द्या.

काट्याची मांडणी

कल्पना साधी आहे. बरणी काट्यावर, मोटर आणि मळसूत्र वेगळ्या स्टँडवर. मळसूत्राला द्रव जेवढ्या बलाने खाली ओढतो, तेवढ्याच बलाने मळसूत्र द्रवाला वर उचलतं, आणि काट्यावरचा आकडा तेवढा घटतो. रेटा थेट ग्रॅममध्ये मिळतो.

१. काटा दगडी ओट्यावर किंवा भक्कम टेबलावर ठेवा. स्टँड त्याच टेबलावर नको, शेजारच्या स्टुलावर ठेवा. गिअरची थरथर टेबलातून काट्यात जाते.

२. पंखा बंद, खिडकी बंद. पंख्याच्या झोताने शेवटचे दोन अंक नाचतात.

३. मोटर उभी, शाफ्ट खाली. कनेक्टर पट्टीचा एक पितळी तुकडा कापून शाफ्टला बसवा. छिद्र ३ मिलिमीटरचं आणि तार १.२ ची, त्यामुळे स्क्रू आवळला की तार एका बाजूला दाबली जाते आणि मळसूत्र लटपटतं. तारेच्या टोकावर हीट-श्रिंक नळीचे थर चढवून ते छिद्रात घट्ट बसेल असं करा.

४. मळसूत्र बरणीच्या मध्यावर उतरवा. खालचं टोक तळापासून २ सेंटिमीटर, वरचा वेढा पृष्ठभागाखाली दीड सेंटिमीटर. वरचा वेढा पृष्ठभागाजवळ आला तर खळगा पडून हवा आत ओढली जाते.

५. काट्यावर बरणीचं पूर्ण वजन दिसू द्या, ‘टेअर’ (आकडा शून्य करायचं बटण) दाबू नका. ही सूचना किरकोळ वाटते, पण प्रयोग फसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं. बऱ्याच स्वस्त काट्यांत आकडा शून्याच्या आसपास असताना होणारा बारीक, सावकाश बदल आपोआप शून्य करून टाकायची सोय असते. मोटर हळू चालू केली तर काटा तुमचा रेटाच गिळून टाकतो. आकडा शून्यापासून दूर असेल तर ही सोय आड येत नाही.

वाचन घेणं

शाफ्टला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा, व्हिडिओत दहा फेऱ्यांना लागणारा वेळ मोजून वेग काढा. मळसूत्रावरचं आघूर्ण (टॉर्क) एवढं क्षुल्लक आहे (सेकंदाला एक फेरा असताना सुमारे ०.६ ग्रॅम-सेंटिमीटर) की द्रवात गेल्याने मोटर मंदावत नाही. मंदावली तर तार तळाला किंवा भिंतीला घासते आहे असं समजा.

क्रम असा ठेवा : बंद, घड्याळाच्या दिशेने, बंद, उलट दिशेने, बंद. प्रत्येक टप्पा २० सेकंदांचा. द्रव स्थिर व्हायला दोनेक सेकंद लागतात, म्हणून पहिली पाच सेकंदं सोडून द्या. चालू असतानाच्या आकड्यातून आधीच्या आणि नंतरच्या बंद वाचनांची सरासरी वजा करा, त्यामुळे काट्याचं सावकाश सरकणं आपोआप निघून जातं. वेग मिनिटाला २०, ३०, ४०, ५०, ६० फेरे असे ठेवा.

उजव्या हाताचं मळसूत्र वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवलं की ते स्क्रूसारखं खाली जाऊ पाहतं आणि आकडा घटतो. उलट फिरवलं की तेवढाच वाढतो. ‘तेवढाच’ हीच खरी परीक्षा आहे. दोन्ही दिशांचे आकडे ५ टक्क्यांहून जास्त वेगळे आले तर वेढ्यात बुडबुडा अडकलाय, दांडा वाकडा आहे, नाहीतर वरचा वेढा पृष्ठभागाजवळ आहे.

आता आलेख. रेटा वेगाच्या सम प्रमाणात वाढला पाहिजे आणि रेषा शून्यातून गेली पाहिजे. वरच्या वेगांना रेषा वाकायला लागली तर जडत्व डोकं वर काढतंय. ६० फेऱ्यांना, श्यानता ०.८ असताना, आपला रेनॉल्ड्स अंक ०.३६ येतो. जिवाणूच्या मानाने तो प्रचंड आहे, पण १ च्या खाली आहे, आणि सरळ रेषा हाच तो चालण्यासारखा असल्याचा पुरावा. रेषा वाकलीच तर ते वेग सोडून द्या किंवा द्रव दाट करा. बेकरीचं लिक्विड ग्लुकोज ग्लिसरीनपेक्षा कितीतरी दाट असतं आणि त्यात रेटा तेवढ्याच पटीने वाढतो, पण बुडबुडे निघायला दिवस लागतात आणि हात लावाल तिथे चिकट होतं. पहिला प्रयोग ग्लिसरीनमध्येच करावा.

एक नियंत्रण प्रयोगही हवा : तसलीच दुसरी सरळ तार फिरवा. रेटा शून्य आला पाहिजे. नाही आला तर तो मळसूत्राचा नव्हता, मांडणीचा होता.

हिशेब

आधी लॉगॅरिदम काढा : ०.१८ × एका वेढ्यातली तार ÷ तारेची त्रिज्या = ०.१८ × ५३.५ ÷ ०.६१ = १५.८. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम २.७६.

उभा गुणांक = ६.२८ × श्यानता ÷ २.७६ = २.२८ × श्यानता.

आडवा गुणांक = १२.५७ × श्यानता ÷ (२.७६ + ०.५) = ३.८६ × श्यानता.

आडवं-उभं गुणोत्तर १.६९.

जागेवर धरलेल्या मळसूत्राचा रेटा = (आडवा − उभा गुणांक) × तारेचा फिरण्याचा वेग × कोनाची ज्या (साइन) × कोनाची कोज्या (कोसाइन) × तारेची एकूण लांबी. सेकंदाला एक फेरा म्हणजे फिरण्याचा वेग ०.०३७७ मीटर प्रतिसेकंद. ४५ अंशांना ज्या आणि कोज्या यांचा गुणाकार ०.५. श्यानता ०.८ धरली तर

१.५८ × ०.८ × ०.०३७७ × ०.५ × ०.१०७ = ०.००२५५ न्यूटन, म्हणजे काट्यावर ०.२६ ग्रॅम.

काट्याच्या शेवटच्या अंकाच्या २६ पट. २० फेऱ्यांना मात्र ०.०९ ग्रॅमच उरतो, तिथे एकेका अंकाची किंमत ११ टक्के, म्हणून कमी वेगाची वाचनं जास्त वेळा घ्यावी लागतात.

तुमचा आकडा सूत्रापासून १५ ते २५ टक्के दूर आला तर प्रयोग चुकला असं लगेच मानू नका. हे सूत्र तारेचा प्रत्येक तुकडा जणू एकटाच द्रवात आहे असं धरून चालतं, शेजारच्या वेढ्याने ढवळलेला द्रव ते फक्त गुणांकात ढोबळपणे सामावून घेतं. २०१३ साली सिलिकॉन तेलात फिरणाऱ्या मळसूत्रांवर काळजीपूर्वक मोजमापं झाली, त्यांतही हे सोपं सूत्र बऱ्याच आकारांसाठी अपुरं ठरलं आणि संपूर्ण मळसूत्राचा प्रवाह एकत्र सोडवणारं गणितच जुळलं. शिवाय आपली बरणी अरुंद आहे.

आता घसरण. मळसूत्र मोकळं सोडलं आणि पुढे ओढायला काही ओझं नसलं, तर एका फेऱ्यात ते किती सरकेल?

सरकणं = पिच × (गुणोत्तर − १) × साइनचा वर्ग ÷ [१ + (गुणोत्तर − १) × साइनचा वर्ग]

आपल्यासाठी ०.३४५ ÷ १.३४५ = ०.२६ पिच, म्हणजे ३८ पैकी साधारण १० मिलिमीटर. गुणोत्तर १ ठेवा, उत्तर शून्य. गुणोत्तर प्रचंड मोठं ठेवा, उत्तर एक पूर्ण पिच, म्हणजे लाकडातला स्क्रू. हे एक सूत्र समजलं की पुढचे जिवाणू वाचता येतात.

आणखी दोन छोट्या चाचण्या

मळसूत्र मोटरवरून काढा, दांडा कापा, एका वेढ्याला रंगाचा ठिपका द्या आणि ते ग्लिसरीनमध्ये उभं सोडा. मोटर नसतानाही ते बुडताना स्वतःभोवती फिरतं, वरून पाहता घड्याळाच्या दिशेने. तळापर्यंतचे ३ ते ४ सेंटिमीटर बुडताना साधारण पाव फेरा होतो. फिरवलं की सरकतं आणि सरकवलं की फिरतं, या दोन्ही गोष्टींमागचा गुणांक एकच आहे. सोडताना तिरकं सुटलं तर ते भिंतीकडे वाहत जातं, म्हणून आधी पूर्ण बुडवून, दोन चिमट्यांनी सरळ करून मग सोडा.

दुसरी चाचणी पिचची. त्याच सळईवर, त्याच ७६ मिलिमीटर उंचीची आणखी दोन मळसूत्रं करा : एक १९ मिलिमीटर पिचचं, चार वेढ्यांचं, दुसरं ७६ मिलिमीटर पिचचं, एका वेढ्याचं. रेट्याला तारेच्या लांबीने भागा. सूत्रानुसार दाट मळसूत्र ४५ अंशवाल्याच्या सुमारे ८५ टक्के आणि विरळ ७२ टक्के रेटा देतं. सूत्र आणि मोजमाप यांतली तफावत दाट मळसूत्रात सर्वांत मोठी असेल अशी अपेक्षा ठेवा, तिथे वेढे एकमेकांच्या ढवळलेल्या द्रवातच फिरत असतात.

मोकळं पोहणारं यंत्र करायचं असेल तर

मोटर, सेल आणि मळसूत्र एका बंद नळीत बसवून द्रवात सोडता येतं, पण सील आणि तरंगणं या दोन गोष्टी वेळ खातात. यंत्राचं वजन त्याच्या आकारमानाच्या १.२६ पट असायला हवं, शिशाच्या छऱ्यांनी ते जुळवा. शाफ्टभोवती घट्ट ग्रीस भरलं तर ग्लिसरीन आत यायला पुरेसा वेळ लागतो. गंमत नळीकडे बघण्यात आहे : मळसूत्र एका दिशेने फिरतं तेव्हा नळी उलट फिरते, कारण बाहेरून आघूर्ण द्यायला कुणी नाही. १५ मिलिमीटर त्रिज्येच्या गोल धडासाठी हिशेब मांडला तर धड मळसूत्राच्या १४ टक्के वेगाने उलट फिरायला हवं. ई. कोलायमध्ये हेच घडतं. कशाभिकांचा (बाहेरच्या मळसूत्री शेपट्यांचा) जुडगा सेकंदाला शंभरेक फेरे घेतो, धड बरंच हळू उलट गिरक्या घेतं. कशाभिका फडफडत नाहीत, खरोखर चाकासारख्या फिरतात, हे बर्ग आणि अँडरसन यांनी १९७३ साली दाखवून दिलं.

हे आकडे घेऊन जिवाणूंकडे

लेप्टोस्पायराच्या कशाभिका बाहेर नसतात. दोन्ही टोकांना एकेक, बाहेरच्या आवरणाच्या आत. त्या फिरल्या की टोकंच वळतात. पोहणाऱ्या पेशीचं पुढचं टोक डाव्या हाताचं रुंद मळसूत्र होतं, मागचं टोक हुकासारखं वाकतं, आणि मधलं धड उजव्या हाताचं बारीक मळसूत्र असतं. पुढचं टोक एका दिशेने, धड उलट दिशेने. पहिल्या नजरेला दोन्ही एकमेकांना मारक वाटतात. पण तुमच्या काट्यावर पाहिलंत तसं, दिशा बदलली की रेटा उलटतो, आणि मळसूत्राचा हातही बदलला तर तो पुन्हा त्याच बाजूला येतो. डावं मळसूत्र वळवून ही चाचणी करून पाहण्यासारखी आहे. दोन्ही टोकं एकसारखी झाली, दोन्ही हुक किंवा दोन्ही मळसूत्र, तर पेशी जागेवरच फिरत राहते.

मिथिलसेल्युलोज घालून पाणी दाट केलं की हाच जिवाणू हळू न होता जलद होतो. आपल्या ग्लिसरीनमध्ये हे होणार नाही. तिथे रेटा आणि विरोध एकाच पटीने वाढतात, एका फेऱ्याचं सरकणं बदलत नाही. लांब रेणूंचं जाळं असलेल्या द्रवात मात्र बारीक धडाला आडवं सरकणं फार अवघड आणि लांबीच्या दिशेने घसरणं त्यामानाने सोपं पडतं. गुणोत्तर वाढतं, घसरण घटते, आणि जिवाणू खऱ्या अर्थाने स्क्रूच्या जवळ जातो. ऊतींमधून वाट काढणाऱ्या जिवाणूला ही गोष्ट किती सोयीची असेल ते उघड आहे.

हेलिकोबॅक्टर पायलोरीबद्दल मात्र सावध राहा. त्याचं धड वळलेलं दिसतं म्हणून तो जठराच्या श्लेष्मात स्क्रूसारखा घुसतो असं सर्रास लिहिलं जातं. मोजमापांत धडाच्या आकाराचा रेट्यातला वाटा जेमतेम १५ टक्क्यांपर्यंत निघाला, बाकी काम टोकाच्या कशाभिकांचं. आणि श्लेष्मा तो युरिएज या विकराने आम्ल कमी करून पातळ करतो, मग त्यातून पोहतो. धडाचा कोन फार लहान असतो, वेढे एक-दोनच. सूत्रात ते घालून पाहिलं की आश्चर्य उरत नाही.

स्पायरोप्लाझ्माला कशाभिकाच नाहीत. त्याच्या मळसूत्राचा हात एका टोकापासून बदलत जातो, आणि उजवा-डावा जिथे भेटतात तो वाक धडावरून पुढे धावतो. लाइम रोगाचा बोरेलिया दिसायला मळसूत्र वाटतो, पण त्याची लाट जवळजवळ सपाट पातळीत असते, म्हणून हा प्रयोग त्याला थेट लावू नका.

खरे जिवाणू पाहायचे असतील तर साध्या उजळ पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शीखाली लेप्टोस्पायरा दिसत नाही, तो फार बारीक आहे. काळ्या पार्श्वभूमीची रचना लागते. पण नमुन्यासाठी डबक्यातलं किंवा पुराचं पाणी घरी आणू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ‘लेप्टो’ होतो तो याच पाण्यातून, आणि निरुपद्रवी जात कोणती नि रोगकारक कोणती हे दिसण्यावरून ओळखता येत नाही. महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मोठ्या आकाराचा स्पायरिलम व्होल्युटान्स मिळाला तर उत्तम. तो १४ ते ६० मायक्रोमीटर लांब असतो आणि त्याच्या कशाभिकांचे झुबके काळ्या पार्श्वभूमीवर दिसतात.

सर्पिल आकाराला भुलून स्पिरुलिनाची निवड बरेच जण करतात, लोणारच्या खाऱ्या सरोवरात तो भरपूर वाढतो हेही त्यामागचं एक कारण. तिथून पाणी आणायची गरज नाही, ते संरक्षित क्षेत्र आहे, आणि स्पिरुलिनाची शेती करणाऱ्यांकडे जिवंत कल्चर मिळतं. पण स्पिरुलिना पोहत नाही, पृष्ठभागाला टेकून स्वतःभोवती वळत घसरतो. त्याच्या व्हिडिओतून एका फेऱ्याचं सरकणं मोजलं आणि ते पिचच्या पाव हिश्शाशी जुळलं नाही, तर दोष सूत्राचा नाही.